कुकरकासवाची चपळाई

इंद्रजीतच्या हाती कुठलीही वस्तू द्या, ती सुधारूनच परत मिळणार, अशी त्याची पुंडलिकनगरात ख्याती होती. म्हणजे ख्याती आहे असं इंद्रजीतचं मत होतं. शेजारच्यांचा मिक्सर त्यानं सुधारला, तेव्हापासून तो चटणी वाटत नाही, वाटून टाकतो. भिंतीला, छताला, सगळ्यांना सारखी! घरचा कूलर त्यानं सुधारला, तर तो चालू केला की खरोखरच चालतो. दोनदा दारापर्यंत जाऊन आला. आता मालनबाई, म्हणजे इंद्रजीतची आई, कूलरला दाव्यानं खिडकीच्या गजाला बांधून ठेवतात.

पोटापाण्यासाठी इंद्रजीत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. दिवसभर समोर येईल त्या पार्टाला गेज लावायचं आणि मापात बसला नाही, की लाल पेटीत टाकायचं. अशा माणसाची नजर सुट्टीच्या दिवशीही सुट्टीवर जात नाही. इडलीसुद्धा तो आधी बाजूनं बघतो.

तर लग्न ठरत आलं होतं. ठरलं नव्हतं, ठरत आलं होतं. मोनाली बँकेत नवीन लागली होती, घर चिकलठाण्यातच. दोन्हीकडून पसंती झाली होती आणि आता फक्त थोरामोठ्यांनी बसून साखरपुड्याचं बोलायचं बाकी होतं. अशा नाजूक वेळी मोनालीनं त्याला जालना रोडवरच्या एका हॉटेलात चहाला बोलावलं आणि टेबलावर फोन ठेवला.

"हा डबडू," ती म्हणाली.

पडद्यावर एक कासव होतं. पाठीवर कवच नव्हतं, प्रेशर कुकर होता. डोक्यावर शिट्टी. चेहरा दुपारी भरपेट जेवून उठलेल्या माणसासारखा.

"मायाजीव नावाचा गेम आहे," मोनाली म्हणाली. "रानातून असे जीव पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या जीवांशी झुंजवायचे. डबडूला दोन वर्षं वाढवलाय मी. डिसेंबरात पुण्याला मोठी स्पर्धा आहे, त्याच्यासाठी. आता ट्रेनिंगला चाललेय, तिथं फोन जमा करून घेतात. तर आठवडाभर माझं खातं तुमच्या फोनवर ठेवते. दोन वेळा खायला घाला. बाकी कशालाच हात लावू नका."

"तुम्ही चिंताच सोडा! परत याल तेव्हा ओळखूसुद्धा येणार नाही तो तुम्हाला!"

"ओळखू आला पाहिजे," मोनाली शांतपणे म्हणाली. "आणि हे बघा, डबडूला काही झालं ना, तर मी पप्पांना सांगणार. मुलगा चांगला आहे, पण आपल्याला नको."

हे ती हसत हसत म्हणाली. पण इंद्रजीतनं नजरेनंच माप घेतलं. हसू मापात नव्हतं.

पहिला दिवस बरा गेला. खायला घालायचं काम मालनबाईंनी स्वतःकडं घेतलं. पडद्यावर बोट ठेवलं, की डबडूच्या तोंडात पाला पडायचा. तो तीन मिनिटं चावायचा आणि मग जरासा वाफाळायचा. "लई गुणाचं लेकरू हाय," मालनबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखं ताटात मीठ कमी, मीठ कमी करत नाय."

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनं फक्त बघायचं म्हणून 'गुण' नावाच्या चौकटीवर बोट ठेवलं. मिक्सरचंही झाकण त्यानं फक्त बघायचं म्हणूनच उघडलं होतं.

आत डबडूचे चार गुण मांडले होते. जोर पंच्याऐंशी. कवच पंच्याण्णव. दम ब्याण्णव. आणि चपळाई चार.

चार! शंभरपैकी चार!

चारही गुण जोडून गेमनं एक आकृती काढली होती. ती इंद्रजीतला बघवेना. तीन कोपरे फुगलेले आणि चौथा आत गेलेला. पतंगावर कुणी बसावं तशी! असला पार्ट लाइनवर आला असता, तर त्यानं तो लाल पेटीत टाकून वर पेटीला झाकण लावलं असतं. त्यातच खाली मोत्यांचा ढीग दिसला. एक मोती दिला, की हवा तो गुण वाढतो, असं लिहिलेलं. दोन वर्षांत मोनालीनं एकही मोती वापरला नव्हता.

"बिचारीला कुठं दाबायचं तेच माहीत नसेल," इंद्रजीतच्या मनात माया दाटून आली आणि त्या मायेच्या भरात त्यानं सगळेच्या सगळे मोती चपळाईत ओतले. गेमनं विचारलं, 'दिलेला मोती परत मिळत नाही. नक्की?' इंद्रजीतनं 'नक्की' दाबलं. प्रेमात माणूस वाचत बसत नाही.

चपळाई नव्वद! आकृती अशी चौकोनी झाली, की फ्रेम करून लावावी. फक्त डबडू कुठं दिसेना. मग लक्षात आलं, की तो दिसतोय, पण एका जागी दिसत नाहीये. पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं कुकर सुसाट पळत होता.

"आगं माय!" मालनबाई पाला घेऊन आल्या आणि दचकल्या. "ह्याला काय चावलं?"

"त्याला सुधारलाय आई."

"व्हय का?" असं म्हणून मालनबाईंनी कूलरकडं बघितलं आणि कूलरच्या दाव्याची गाठ जरा आवळून घेतली.

इंद्रजीतनं डबडूला सरावाच्या झुंजीत उतरवलं. समोर मुद्दाम सगळ्यात मरतुकडा जीव घेतला. त्याच खात्यात एक उडता भोपळा पडून होता, तो. झुंज सुरू झाली. डबडू विजेसारखा पुढं आला, मोठ्या आवेशानं शिट्टी वाजवली... आणि काहीच झालं नाही. भोपळ्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग तो डबडूवर बसला. डबडू हरला!

तेव्हा कुठं इंद्रजीतनं माहितीचं पान उघडलं. इंजिनिअर माणूस सूचना वाचतो, पण आधी नाही. पानावर लिहिलं होतं: 'उलटी शिट्टी हा कुकरकासवाचा हुकमी डाव. समोरच्याचा मार आधी खायचा, तीच वाफ साठवायची आणि दुपटीनं परत सोडायची. कासव जितकं मंद, तितकी वाफ जास्त. कासव आधी धावून गेलं, तर वाफच नाही. सूचना: चपळाई वाढवू नये!'

सूचना ठळक अक्षरांत होती.

इंद्रजीतनं फोन पलंगावर पालथा ठेवला. त्याला सगळा पुढचा देखावा दिसला. मोनाली, तिचे पप्पा आणि 'मुलगा चांगला आहे, पण.'

"काय झालं रे? तोंड कामून आसं?" साहेबराव आत आले. साहेबराव म्हणजे इंद्रजीतचे वडील. सिल्लोडच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर बैलांची दलाली केली होती. आता पुंडलिकनगरात त्यांना बैल मिळत नव्हते, तरी सवय जात नव्हती. गल्लीत कुणी नवीन स्कूटर आणली, की तिच्याभोवती एक चक्कर मारून, सीटवर थाप मारून ते भाव सांगायचे.

इंद्रजीतनं सगळं सांगितलं. साहेबरावांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"दात किती?"

"दादा, त्याला दात नाहीत. शिट्टी आहे."

"शिट्टी? बरं. खोड कदीपासून लागली पळायची?"

"आत्ता अर्ध्या तासापासून. मीच लावली."

"मग सोपं हाय की! त्याच वाणाचं, त्याच अंगाचं दुसरं आनायचं आन् ह्याच्या जागी उभं करायचं. सबंद बाजार आसाच चालतो. चाळीस वर्षांत आपला सौदा कदी फिरला नाय!"

आता असलं दुसरं कासव आणायचं कुठून? ते सहसा सापडत नाही, असं गेमच सांगत होता. आणि मग इंद्रजीतला आठवलं. मोनाली बोलता बोलता म्हणाली होती, की या गेममध्ये जिवांची अंडी असतात आणि माणूस फोन खिशात ठेवून चालला, की ती फुटतात. तिनं कुकरकासवाची सगळी अंडी पप्पांच्या फोनवर, पप्पांच्याच नावानं ठेवली होती. पप्पा रोज सकाळी फिरायला जातात.

आणि हेच पप्पा, म्हणजे रामकिसन, शनिवारी दुपारी साखरपुड्याचं बोलायला पुंडलिकनगरात येणार होते!

बेत ठरला. एक कोवळं कासव घ्यायचं, बदल्यात तो उडता भोपळा द्यायचा. कोवळ्याला खाऊ घालून मोठं करायचं आणि त्याला डबडू म्हणायचं. खरा डबडू मागं कुठंतरी गुपचूप पळत राहील. रामकिसनना कारण सांगायचं नाही. डबडू इकडं ठेवल्याचं मोनालीनंही घरी सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी रामकिसन आले. चहा झाला, पोहे झाले, पाऊसपाणी झालं. मग साहेबरावांनी बाजारातला आवाज काढला.

"इवाई, तुमच्याकडं शिट्टीचं कासव हाय म्हनं?"

"एक?" रामकिसननी फोन काढला. "दावण भरलीय! मोनाली म्हनती, पप्पा चला, शुगर बी उतरंल आन् अंडी बी फुटतील. शुगर हाय तिथंच हाय. अंडं मातर रोज एक फुटतंय!"

"एखादं द्या की मग. पोराला हौस हाय. बदल्यात हे देतो." साहेबरावांनी भोपळा दाखवला.

रामकिसननी चष्मा पुसला, भोपळ्याकडं पाहिलं आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावरचं पाहुणेपण गळून पडलं. तेही तरुणपणी बाजार फिरलेले. "न्हाय जमत," ते म्हणाले. "वर काय?"

"वर काय म्हंजे? उडतंय ते!"

"उडतंय म्हनूनच. दावणीला ऱ्हात नसंल."

इंद्रजीत मध्ये पडला. "मामा, एकदम सोपं आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे. आपापला जीव निवडलाय मी. आता फक्त दोघांनी 'मान्य' दाबायचं."

"उघड्यावर?" दोघंही एकदम म्हणाले.

"आपन काय वांगी इकतोय व्हय?" साहेबराव म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोन्ही फोनांवर आणि चारही हातांवर पसरला.

जनावराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. बघणाऱ्याला फक्त रुमाल दिसतो. इंद्रजीतलाही फक्त रुमाल दिसत होता. दोघांचे चेहरे दगडासारखे आणि खाली रुमाल असा हलत होता, जसं आत दोन उंदरांचं भांडण चाललंय! साहेबरावांनी दोन बोटं दाबली. रामकिसननी झटकली. साहेबरावांनी अंगठा दाबला. रामकिसननी मूठ आवळली. ही सगळी दाबादाबी बोटांवर चालली होती खरी, पण बोटांच्या खाली फोन होते.

"दादा! दादा, पडदा चालू आहे!"

"तू गप ऱ्हाय. रुमालात बोलू नाय."

बोट सरकलं, तसा भोपळा सरकला. शेजारच्या खणात डबडू होता. गेमनं विचारलं, 'मान्य?' अंगठ्यानं दाबलं, मान्य. गेमनं पुन्हा विचारलं, 'नक्की?' दाबलं, नक्की. 'हा तुमचा सर्वांत मोठा जीव आहे. पुन्हा विचार करा!' चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या अंगठ्यानं तेही दाबलं. पलीकडं रामकिसनच्या मुठीखाली त्यांचंही 'मान्य' दाबलं गेलं.

आणि रुमालाखालून बँड वाजायला लागला!

तुतारी, ढोल, फटाके! मालनबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. दोघांनी दचकून रुमाल उचलला. रामकिसनच्या फोनवर उजेडाचा लोळ फिरत होता. तो थांबला, तेव्हा तिथं एक जनावर उभं होतं. कासवच, पण पाठीवर कुकर नव्हता. कारखान्यात असतो तसला आख्खा बॉयलर होता, धुराड्यासकट! खाली लिहिलं होतं: 'अभिनंदन! मालक बदलताच कुकरकासवाचं रूपांतर झालं. बॉयलरकासव!'

आणि इंद्रजीतच्या फोनवर आलेलं कोवळं कासव? कुकर कसला, चहाची गाळणी पाठीवर घेतल्यासारखं. ते शिंकलं आणि उलटं पडलं.

"मामा, चुकून गेलं ते! भोपळा द्यायचा होता!" इंद्रजीत कळवळला. "परत द्या!"

"इंद्रजीतराव," रामकिसन बॉयलरवरची नजर न काढता म्हणाले, "रुमाल निघाला."

"म्हणजे?"

"म्हंजे सौदा झाला. रुमाल निघाल्यावर ब्रह्मदेव आला तरी जनावर माघारी जात नाय."

इंद्रजीतनं आशेनं वडिलांकडं पाहिलं. साहेबराव रुमाल झटकत होते. "बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "धंद्याला इमान पायजे!"

ते तुमच्या मुलीचं आहे, असं सांगावं, तर ते आपल्याकडं कसं आणि असं का पळतंय, तेही सांगावं लागणार! साखरपुड्याचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही. रामकिसन बॉयलर बघत बघत रिक्षात बसले आणि रिक्षावाल्यालाही दाखवत गेले.

रविवारभर इंद्रजीतनं गाळणीला पाला भरवला. मालनबाईंनी संध्याकाळी येऊन पडद्यात पाहिलं. "आरं, हे आटलं कसं?" त्या म्हणाल्या. "गरम पान्यात घातलंस का काय?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात मोनाली. मागं रामकिसन. मोनालीच्या हातात तिच्या पप्पांचा फोन होता.

"ट्रेनिंगहून आले. अंडी फुटली का बघावं म्हणून पप्पांचा फोन उघडला," ती म्हणाली. "तर आत हे. आणि खाली लिहिलंय, पहिली मालकीण, मोनाली."

इंद्रजीतनं एका दमात सगळं सांगून टाकलं. चौकोन, मोती, भोपळा, दात, रुमाल. मधे श्वास घेतला असता, तर तिला बोलायला जागा मिळाली असती. म्हणून त्यानं तो घेतलाच नाही. बोलून झालं, तेव्हा गाळणी शिंकली.

"सगळे मोती?" मोनालीनं विचारलं.

"सगळे."

"चपळाईत?"

"...आकृती वाकडी दिसत होती."

मोनालीनं डोळे मिटले. इंद्रजीतला लाल पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तिनं डोळे उघडून बॉयलरकासवाचे गुण उघडले. वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ती पलंगावर बसली.

"जोर नव्वद. कवच शंभर. दम शंभर. चपळाई..." तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. "एक!"

"एक? अहो, मी नव्वद केली होती!"

"बॉयलरचं वजन! तुमची सगळी चपळाई त्याच्याखाली दबली. पहिल्यापेक्षा मंद झालाय तो! कळतंय का? आता उलटी शिट्टी काय जोरात बसेल!" तिचे डोळे चमकत होते. "दोन वर्षं मला त्याचं रूपांतर करायचं होतं. पण मालक बदलल्याशिवाय ते होत नाही. जीव दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्यानं परत नाही दिला तर? एवढा भरवशाचा माणूसच सापडत नव्हता."

इंद्रजीतची छाती फुगली. "सापडला ना शेवटी?"

"कुठं? पप्पांनी परत दिलाय का अजून?"

सगळ्यांनी रामकिसनकडं पाहिलं. रामकिसननी छताकडं पाहिलं.

"पप्पा, तो माझा आहे."

"व्हता. रुमाल निघाला बाई. लेक आसली म्हनून का सौदा मोडायचा? इवाई बसलेत समोर, ते काय म्हनतील?"

"मी बी नसता मोडला," साहेबराव जिव्हाळ्यानं म्हणाले.

"पप्पा! डिसेंबरात स्पर्धा आहे!"

आता पेच पडला. सौदा मोडायचा नाही आणि जनावर तर लेकीला द्यायचं. दोन्ही जाणत्यांनी बराच वेळ माना हलवल्या. वाट काढली मालनबाईंनी. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? माझ्या बापानं मला आंदणात गाय दिलती. तुमी कासव द्या."

"हा!" रामकिसननी मांडीवर थाप मारली. "लग्नात लेकीला आंदण देतो. ते कुनी आडवू शकत नाय!"

"हुंडा आमी एक पैसा घेनार नाय," साहेबराव बाणेदारपणे म्हणाले. "पन जनावराची गोष्ट येगळी."

"मग लग्न कधी?" मोनालीनं विचारलं.

लग्नाचं उन्हाळ्यात बघू, असं आजवर दोन्ही घरं म्हणत होती. साखरपुड्याचाच पत्ता नव्हता. रामकिसन म्हणाले, "मे महिना?"

"तुळशीचं लग्न झालं, की जो पहिला मुहूर्त असेल तो," मोनाली म्हणाली. "साखरपुडा त्याच दिवशी सकाळी उरकू."

इंद्रजीत दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला तो तरंगतच! "मुलगी थांबायलाच तयार नाही रे," त्यानं लाइनवर सगळ्यांना सांगितलं. "म्हणे पहिला मुहूर्त!" कशामुळं, ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. एवढ्या आनंदाच्या भरात त्या दिवशी त्याच्या हातून चार वाकडे पार्ट पास झाले.

लग्न बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात झालं. थंडी पडली होती, मांडव फुलला होता. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली. पलीकडून मोनालीच्या बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती आणि इंद्रजीतला भरून आलं होतं. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, हार घातले गेले. आणि त्या गजरात मोनाली त्याच्याकडं झुकली. तिचे डोळे पाणावले होते. तिनं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच "अहो" म्हटलं.

इंद्रजीतचं काळीज लोण्यासारखं झालं. तो खाली वाकला. "काय?"

"पप्पांच्या फोनला चार्जिंग किती आहे, बघता का जरा? आंदण त्यातच आहे."

इंद्रजीतनं बघितलं. सहा टक्के होतं. मग तो मुंडावळ्या सावरत, अक्षता झटकत, पाहुण्यांतून वाट काढत चार्जर शोधायला निघाला.